पाखरांनी बसायचं कुठं

"हे वाक्य कोणी लिहिलंय?" उटगे सरांनी विचारलं.

खोलीत आम्ही दोघंच होतो आणि अहवालाचा कच्चा मसुदा माझ्या अक्षरात होता. तेव्हा हा प्रश्न तसा शोभेचाच होता. तरी मी म्हणाले, "मी, सर."

"मोठ्यानं वाचा जरा."

मी वाचलं, "सदर वाणावर पाखरांचा उपद्रव नगण्य आढळून आला, सबब हा वाण पाखरांना सहनशील असल्याचे दिसून येते."

वाक्य माझं फार लाडकं होतं. 'सबब' तर मी मुद्दाम घातलं होतं. नवीन नोकरी, पहिलाच अहवाल, मुखपृष्ठावर सरांच्या खाली बारीक अक्षरात का होईना, 'कु. मालन शिराळे' असं छापून येणार होतं. घरी तशी बातमीही पोचली होती आणि आईनं ती गल्लीभर केली होती.

सोलापूरकडच्या काळ्या रानातलं ते ज्वारी संशोधन केंद्र. डॉक्टर गंगाधर उटगे तिथले सगळ्यांत जुने शास्त्रज्ञ. उंच, वाळके, उन्हानं पार रापलेले. पीएच.डी. झालेल्या माणसापेक्षा बाजारात बैल विकायला आलेल्या पाटलासारखे दिसायचे. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं खपून रब्बी ज्वारीचा एक वाण तयार केला होता. त्याला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. ओळीनं तीन वर्षं नेहमीच्या वाणाला तो मागं टाकेल, तरच उन्हाळ्यातल्या विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत त्याची शिफारस होणार, त्याला नाव मिळणार आणि बियाणं शेतकऱ्याच्या हाती जाणार. पहिली दोन वर्षं तो थोडाथोडकाच पुढं राहिला होता. तिसऱ्या वर्षी मात्र त्यानं बाकीच्यांना धूळ चारली. बैठक झाली की सर लगेच निवृत्त होणार होते. म्हणजे हातातोंडाशी आलेला घास होता आणि तो मुखी लागेपर्यंतचं सगळं लिखाणकाम माझ्याकडं होतं.

"तुम्ही याचा हुरडा खाल्लात?" सरांनी विचारलं.

"नाही सर. मी रुजू झाले तेव्हा कणसं कापणीला आली होती."

"मी खाल्ला. असा गोड हुरडा मी जन्मात खाल्ला नाही. आता मला सांगा, माणसाला गोड लागतो तो दाणा पाखराला कडू कसा लागेल? पाखरं काय आपल्यापेक्षा कमी शहाणी असतात?"

"कणसाला कुसळं असतील, सर. टोचत असतील."

"एक कुसळ नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पण तुम्ही निरीक्षणं बरोबर घेतलीत ना?"

"चारही ठिकाणी, सर. आपल्या वाणाचे चार वाफे रानात चार बाजूंना आहेत. चिठ्ठ्या टाकूनच जागा ठरल्या होत्या. चारही वाफ्यांत कणसं शाबूत. शेजारच्या वाफ्यांतली मात्र निम्मी टोचलेली."

"तेच तर म्हणतो मी," सर म्हणाले. ते उठले. "चला, केराबाईंना विचारू."

केराबाई केंद्रावर रोजंदारीला होत्या. पेरणी, खुरपणी, काढणी सगळं करायच्या, पण त्यांचं खरं राज्य ज्वारी चिकात आल्यावर, म्हणजे कणसातल्या दाण्यात दूध भरलं की, सुरू व्हायचं. तेव्हा त्या राखणीला असत. पहाटे रानातल्या उंच माळ्यावर चढायच्या ते दिवस बुडाल्यावर उतरायच्या. हातात गोफण आणि तोंडानं अखंड हाकारा. नेम असा की उडता पोपट नुसता घाबरवून परत पाठवायच्या, लागू मात्र द्यायच्या नाहीत. नोकरीत त्यांचे केस पिकले होते, पण अजून त्या कायम झाल्या नव्हत्या. त्या वर्षी कायम करायच्या मजुरांत त्यांचं नाव गेलं होतं आणि ते मंजूर झाल्यात जमा होतं. सुनेला त्यांनी नवं लुगडंसुद्धा कबूल करून टाकलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा त्या खळ्यावर बियाणं पाखडत होत्या. सरांना बघून त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदर सारखा केला.

"केराबाई, एक विचारायचं होतं," सर म्हणाले. "आपल्या नव्या ज्वारीवर औंदा पाखरं बसली नाहीत. का बरं?"

केराबाईंचा चेहरा असा फुलला, की जणू हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून त्या सुगीपासून वाट बघत होत्या.

"बसतील कशी? म्या बसू दिली तर बसतील ना! समदा येळ तुमच्याच वाफ्यांवर हुते की मी. सुनंला बी हुबी केली हुती दोन वाफ्यांपाशी. भाकर खायला खाली बसले न्हाई, साहेब. आपल्या ज्वारीला एक चोच लागू दिली न्हाई."

 मी म्हणाले, "पण मावशी, वाफ्यांवर नुसते आकडे असतात. सरांचे वाफे कुठले ते तुम्हाला कसं कळलं?"

"घ्या! त्यात काय कळायचं, म्याडम? साहेब रोज सकाळी च्या घिऊन रानात येत्यात. बाकीच्या वाफ्यांपाशी चालता चालता पित्यात. ह्या चार वाफ्यांपाशी आलं की हुबं राहत्यात आन च्या थंड हुतो. समद्या रानाला ठावं हाय."

मला हसू आवरेना. सरही हसले, पण अगदी थोडं.

"आणि बाकीच्या वाफ्यांवर?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्यावर बसली की. पाखरांनी तरी बसायचं कुठं, साहेब? त्यास्नी बी पोट हाय." मग त्या जरा गंभीर झाल्या. "आवो, तुमी जाणार. तुमच्या मागं तुमची ज्वारी तरी ऱ्हायला पायजे का नगं?"

"पाहिजे तर," सर म्हणाले. "बरीच मेहनत घेतलीत, केराबाई." एवढं बोलून ते वळले. परतीच्या वाटेवर ते दोनदा अडखळले. मला मात्र आता हसू येईना. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तिनं ज्वारीचं उत्पन्न वाढतं हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षाची सगळी आघाडी त्या गोफणीची होती.

केंद्राचे प्रमुख डॉक्टर काटीकर हे सरांचे कॉलेजपासूनचे मित्र. गोल, गोरे, व्यवहारी. पुढच्या दिवशी मला बरोबर घेऊन सरांनी त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा ते आधी पोट धरून हसले. नंतर त्यांनी दार लावून घेतलं.

"पाखरांचा रकाना काढून टाक," ते म्हणाले. "उत्पन्नाचे आकडे ठेव. कोण विचारतंय?"

"आकडे खोटे आहेत, विष्णू."

"खोटे कसे? वजनकाट्यावर भरलेत."

"काटा खरा आहे. आकडे खोटे आहेत."

"बरं, पण कळणार कोणाला?"

"केराबाई सगळ्या तालुक्याला सांगतेय," सर म्हणाले. "अभिमानानं."

 काटीकर सर खुर्चीत रेलले आणि त्यांनी दुसरी वाट काढली. वाटा काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

"मग असं लिही. 'राखणीवरील मजुराच्या हलगर्जीपणामुळे तिसऱ्या वर्षाची निरीक्षणे सदोष.' म्हणजे प्रयोगात दोष नाही, माणसात दोष. समिती एक वर्ष वाढवून देते. तू निवृत्त झालास तरी प्रयोग तुझ्याच नावावर चालू राहतो. पुढच्या वर्षी ही शिराळे बघेल. वाण चांगला असेल तर येईल वर. तुझं काही जात नाही."

"आणि केराबाई?"

काटीकर सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. "ज्याच्यामुळं प्रयोग बिघडला त्याला कायम करता येत नाही. तुला नियम माहीत आहे. पण अरे, चूक तिचीच आहे ना? आपण काही तिच्यावर खोटा आळ घेत नाही."

"आणि दोष प्रयोगात आहे असं लिहिलं तर?"

"तर प्रयोग बंद. वाणाचं नाव यादीतून जाईल. आणि तुझ्या नावापुढं शेरा. निवृत्तीला चार दिवस राहिले असताना! तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. गंगाधर, शहाणा हो."

सर शहाणे झाले नाहीत. पुढचे काही दिवस अहवालातलं एकच वाक्य अडून राहिलं. बाकी सगळं मी स्वच्छ लिहून काढलं होतं. प्रस्तावना, जमिनीचा प्रकार, पेरणीची पद्धत, खतं, तक्ते. फक्त 'निष्कर्ष' या शब्दाखाली कोरी जागा होती. सर तिथं पेन्सिलीनं काहीतरी लिहायचे आणि खोडरबरानं पुसायचे. कागद तिथं पातळ झाला होता. एकदा मी त्यांच्या मागून वाकून पाहिलं, तर 'मजुराच्या' असं लिहून ते थांबले होते. मला खरं सांगायचं तर त्यांनी ते वाक्य पुरं करावं असं वाटत होतं. इतक्या वर्षांचं काम एका म्हातारीच्या मायेपायी पाण्यात जावं, हे मला सोसत नव्हतं. केराबाईंचा मला रागच आला होता.

सरांनी ते पुसलं आणि मला विचारलं, "शिराळे, राखण कशी करायची हे केराबाईंना कोणी सांगितलं होतं?"

"सांगायचं काय त्यात, सर? राखण म्हणजे राखण."

"तेच विचारतोय. सगळ्या वाफ्यांवर सारखं फिरायचं, आपल्या वाणाला जास्त नाही, दुसऱ्याला कमी नाही. तसं केलं नाही तर प्रयोग फुकट जातो. हे तिला कोणी सांगितलं होतं का?"

"तेव्हा मी नव्हते, सर."

"मी होतो. मी नाही सांगितलं. इतकी वर्षं कधीच सांगितलं नाही. तिला वाटलं, रान साहेबांचं, ज्वारी साहेबांची, राखायची म्हणजे साहेबांची राखायची. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं."

"पण सर, ते न सांगता कळायला नको का? एवढी वर्षं केंद्रावर काम करतात त्या!"

"कळायला हवं होतं, हे अहवालात लिहीत नाहीत. घडलं ते लिहितात," सर म्हणाले. "घ्या पेन. मी सांगतो."

मी लिहून घेतलं. 'राखण सर्व वाफ्यांवर समान व्हावी अशी सूचना प्रमुख संशोधकाने दिली नाही. त्यामुळे तिसऱ्या वर्षीचे उत्पन्नाचे आकडे तुलनेस योग्य नाहीत. सदर वाणाची शिफारस करता येत नाही.'

तीन वाक्यं.  मसुदा टायपिंगला पाठवायच्या आधी मी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, "सर, 'प्रमुख संशोधकाने' च्या जागी नुसतं 'सूचना दिली गेली नाही' असं लिहिलं तर?"

"कोणी दिली नाही, असं विचारतील. मग कोणाचं नाव सांगणार?"

मी मसुदा होता तसाच टायपिंगला पाठवला.

बैठक विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात होती. राज्यातल्या चारी कृषी विद्यापीठांचे ज्वारीवाले, कडधान्यवाले, कापूसवाले, सगळे जमलेले. तिथली रीत अशी की शास्त्रज्ञ व्यासपीठावर उभा राहून आपले निष्कर्ष मांडणार आणि समोर बसलेला कोणीही उठून त्याची उलटतपासणी घेणार. चांगले चांगले घाम पुसत खाली उतरायचे. त्या वेळी आजच्यासारखे संगणक नव्हते. पारदर्शक कागदावर तक्ते काढून ते दिव्याच्या पेटीवर ठेवायचे, की मागच्या पडद्यावर दिसायचे. ते कागद बदलायला मी पेटीपाशी उभी होते.

सरांनी तक्ते दाखवले. पडद्यावर त्यांच्या वाणाचा आकडा सगळ्यांच्या वर झळकला, तेव्हा पुढच्या रांगेत कोणीतरी 'वा' म्हणालं. मग सरांनी मला खूण केली. मी शेवटचा कागद ठेवला आणि सर ती तीन वाक्यं वाचू लागले. सभागृहात कुजबुज सुरू झाली.

मागच्या रांगेतून एक जाडजूड गृहस्थ उठले. दुसऱ्या विद्यापीठातले होते आणि अशा प्रश्नांसाठीच प्रसिद्ध होते. "उटगे साहेब, नोकरीत आयुष्य गेलं तुमचं. आणि राखण कशी करावी, एवढं सांगायला विसरलात?"

सभागृह हसलं. बऱ्याच जणांच्या मनात दुष्टपणा नव्हता, पण हसले मात्र सगळे.

"हो," सर म्हणाले.

"म्हणजे हा प्रयोग तुमच्या चुकीनं वाया गेला, असं धरायचं?"

"तसंच लिहिलंय मी."

"राखणीला कोण होतं? त्याच्यावर काही कारवाई?"

 मला वाटलं, ओरडून सांगावं की अहो, यांच्यावर जीव लावणारी एक बाई होती, तिनं भाकरसुद्धा खाल्ली नाही आणि म्हणून हे झालं. पण सरांना ते नको होतं, हे मला कळत होतं.

"राखण सांगितली तशी झाली," सर म्हणाले. "मी नीट सांगितली नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. 'प्रस्ताव फेटाळला, प्रयोग बंद' एवढंच म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. काटीकर सर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. सर व्यासपीठावरून उतरले आणि माझ्या हातातले तक्ते गुंडाळून घेऊ लागले. जणू वर्गातला तास संपला होता.

 परत येताना जीपनं टेंभुर्णी गाव मागं टाकल्यावर मी विचारलं, "सर, नाव काय देणार होतात?"

"ठरवलं होतं एक," ते म्हणाले. ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

केंद्राच्या फाटकाशी केराबाई उभ्या होत्या. घरी जायची वेळ केव्हाच टळली होती. जीप थांबायच्या आत त्यांनी विचारलं, "साहेब, पास झाली का आपली ज्वारी?"

सर खाली उतरले. "नाही झाली, केराबाई."

"आन ती का?"

"माझ्याकडून एक गोष्ट सांगायची राहून गेली. राखण सगळ्या वाफ्यांवर सारखी करायची असते. मी तुम्हाला सांगितलंच नाही."

केराबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या.  आता यांना कळणार, असं मला वाटलं. पण त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या त्या निराळ्याच कारणानं.

"मग मला सांगायचं न्हाई व्हय, साहेब? म्या काय न्हाई म्हनले असते? समद्या वाफ्यांवर फिरले असते की! माजे पाय काय मोडले हुते?"

"तेच तर. चुकलंच माझं."

"इतकं शिकल्यालं मानूस, आन एवढं इसरलं!" त्या चुकचुकल्या. मग त्यांना सरांची दया आली असावी. त्या जवळ आल्या आणि आवाज मऊ करून म्हणाल्या, "जाऊ द्या. वय झालं की इसरतं मानूस. आमचे मालक बी टोपी डोक्यावर आसून टोपी हुडकायचे. तुमी लई मनाला लावून घिऊ नगा."

"नाही लावून घेत," सर म्हणाले.

जूनमध्ये सर निवृत्त होऊन लातूरला गेले. त्याच महिन्यात केराबाई कायम झाल्या. सुनेला लुगडं मिळालं, ऑफिसला पेढे मिळाले. सरांनाही लातूरला पेढे पाठवायचा त्यांचा आग्रह होता आणि मी ते एसटीतून पाठवलेही.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. सर गेले. मी त्याच केंद्रावर त्यांच्याच खोलीत बसून निवृत्तीला आले आहे. या काळात माझे दोन वाण पास झाले, त्यांना नावं मिळाली. दरवर्षी ज्वारी चिकात आली की राखणीच्या बायकांना रानात गोळा करायचं आणि सूचना द्यायच्या, ही माझी पद्धत. पण खरं तर ते काम माझ्याकडं कधी आलंच नाही. केराबाई होत्या तोवर त्याच पुढं व्हायच्या. पुढं त्यांची सून सांगायला लागली, सासूच्याच शब्दांत.

"कोनाची ज्वारी कुठली, त्ये बघायचं न्हाई. समद्या वाफ्यांवर सारखं फिरायचं. आदी हितं एक लई मोठे साहेब हुते, देवमानूस. त्यांची ज्वारी सोन्यासारखी हुती, पर एवढंच सांगायचं इसरले आन समदं पान्यात गेलं. आमच्या आत्तींनी लई धीर दिला त्यास्नी तवा."

नव्या बायका हळहळतात. एखादी माझ्याकडं बघून विचारते, "व्हय का हो, म्याडम? खरंच इसरले हुते?"

"हो," मी म्हणते. "तसंच लिहिलंय अहवालात."